रान कुठे संपते, सडा कुठे सुरू होतो?

पावसाळा ओसरू लागला की शाळाशाळांतून सहलींचे बेत सुरू होतात. किल्ला, धरण, देऊळ, कारखाना ही ठिकाणे ठरलेली असतात. या वर्षी एक वेगळा बेत करून पाहावा, असे आम्ही सुचवतो. सह्याद्रीच्या माथ्यावर अनेक ठिकाणी अशा पायवाटा आहेत की ज्यांवर ना दोर लागतो, ना छातीवरचा चढ चढावा लागतो. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी, कास, आंबोली या साऱ्या ठिकाणी गाडी किंवा रेल्वे आपल्याला वरपर्यंत नेते आणि पुढे सपाटीवरून दोनतीन तास रमतगमत हिंडता येते. सहावी-सातवीची मुलेसुद्धा या वाटा सहज चालतात.

अशा वाटेवर थोडे चाललो की एक गंमत लक्षात येते. आपण दाट सावलीतून जात असतो. पायाखाली पालापाचोळा, डोक्यावर फांद्यांची कमान, हवेत ओलसर वास. आणि एकाएकी झाडे थांबतात. दहा-वीस पावलांत आपण उघड्यावर येतो. समोर गुडघ्याएवढेही उंच काही नाही. नुसते गवत, फुले आणि मधूनमधून काळा-तांबडा खडक. पुढे अर्धा किलोमीटर गेल्यावर पुन्हा झाडी लागते.

येथे मुलांना थांबवावे आणि विचारावे, “झाडे येथेच का थांबली?” उत्तरे ठरलेली असतात. कोणी म्हणेल, माणसांनी तोडली. कोणी म्हणेल, येथे पाऊस कमी पडत असेल. कोणी वाऱ्याला दोष देईल, कोणी गुरांना. प्रत्येक उत्तरात थोडेफार तथ्य आहे, पण खरे उत्तर आपल्या पायाखाली आहे. ते कळले की आणखी एक गोष्ट कळते. ज्या उघड्या जागेला आपण ‘ओसाड’ म्हणतो आणि जेथे मोठ्या हौसेने झाडे लावायला निघतो, तेथे झाड लावणे हा कधीकधी निसर्गाचा तोटाच असतो. हे विधान चमत्कारिक वाटेल. म्हणून मुळापासून पाहू.

समुद्रावरून येणारा पाऊस

सह्याद्री हा समुद्राला समांतर धावणारा डोंगर आहे. तापीच्या दक्षिणेपासून थेट कन्याकुमारीच्या जवळपास त्याची लांबी सुमारे १,६०० किलोमीटर भरते. महाराष्ट्रात त्याचा माथा समुद्रापासून साधारण ३० ते ६० किलोमीटर अंतरावर आहे. मधली कोकणपट्टी सखल असल्यामुळे जूनमध्ये अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे या भिंतीवर येऊन आदळतात. त्यांना वर चढावेच लागते. वर चढणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प कमी मावते, म्हणून जादा बाष्पाचे ढग आणि ढगांचा पाऊस होतो.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांपेक्षा अधिक पाऊस पडतो. तेथून जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीला त्याचा साधारण तिसरा हिस्साच मिळतो आणि घाट उतरून वाईला आलो की तो आणखी कमी होतो. डोंगर ओलांडलेले वारे खाली उतरताना तापतात आणि ढग विरतात. भूगोलाच्या पुस्तकातला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ तासाभराच्या एसटीच्या प्रवासात प्रत्यक्ष दिसतो तो असा.

पण आपल्या प्रश्नाचे उत्तर यात नाही. आपण जेथे उभे आहोत तेथे झाडीवर आणि कुरणावर एकच ढग पाऊस पाडतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली घेऊ. राज्यातील सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते. तेथेही घनदाट रान आहे आणि त्याला लागूनच उघडे कातळ आहेत. तेव्हा पावसाचा मुद्दा बाद. जमीन पाहायला हवी.

लाव्हाचा डोंगर, जांभ्याची टोपी

महाराष्ट्रातील सह्याद्री मुख्यतः काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे एकावर एक थर बाहेर पडले आणि थिजले. समोरच्या डोंगराकडे पाहिले की हे थर पायऱ्यांसारखे दिसतात.

पुढे लक्षावधी वर्षे या खडकावर उष्ण, दमट हवेत पाऊस कोसळत राहिला. पावसाच्या पाण्याने खडकातील चुना, सोडा, पोटॅश यांसारखे विरघळणारे क्षार आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. जे सहजासहजी विरघळत नाही ते मागे राहिले. हे म्हणजे लोह आणि अ‍ॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे. लोखंडाला गंज चढल्यावर जो रंग येतो तोच रंग या उरलेल्या खडकाला आला. हाच आपला जांभा. कोकणातील घरांचे चिरे याच दगडाचे. खाणीतून काढताना तो त्या मानाने मऊ असतो, म्हणून हत्याराने ताशीव चिरा काढता येतो. हवा-पाणी लागले की तो टणक होतो. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये केरळातील अंगडिपुरम येथील या दगडाचे वर्णन करताना त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. ते नाव आज जगभर वापरतात.

महाबळेश्वर, पाचगणी, कास, आंबोली येथील माथ्यांवर या जांभ्याची टोपी आहे. टोपी टणक असल्यामुळे माथा झिजला नाही, सपाट राहिला. बाजूचा डोंगर झिजून कडे तयार झाले. पाचगणीचे टेबललँड हे याचे चांगले उदाहरण. अशा सपाट, कातळी माथ्याला घाटावर पठार म्हणतात आणि कोकणात सडा. या लेखात आम्ही सोयीसाठी ‘सडा’ हाच शब्द वापरतो.

आता आपल्या सीमारेषेकडे वळू. जेथे जांभ्याची टोपी तुटली आहे, तिला मोठ्या भेगा पडल्या आहेत किंवा तिच्यावर खोल माती साठली आहे, तेथे झाडाची मुळे खाली जाऊ शकतात. खाली बसाल्ट कुजून झालेली मऊ, ओल धरणारी माती असते. तेथे रान उभे राहते. जेथे टोपी अखंड आहे तेथे मुळे दोनचार बोटांवर अडतात. पावसाळ्यात पाणी साचून मुळे गुदमरतात आणि पावसाळ्यानंतर तीच माती आठवड्याभरात खडखडीत होते. पुढचे सात महिने पाण्याचा थेंब नाही. अशा जागी झाडाचे बी रुजत नाही असे नाही. ते रुजते, वीतभर वाढते आणि मार्चपर्यंत वाळून जाते. सीमारेषा कुऱ्हाडीने आखलेली नसून मातीच्या खोलीने आखलेली आहे.

रानातली वाट

प्रथम रानात हिंडू. महाबळेश्वर किंवा माथेरान येथील झाडी फार उंच नाही. खोडे वेडीवाकडी आणि शेंडे वाऱ्याने छाटल्यासारखे एका पातळीत असतात. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही येथील मुख्य झाडे. जोडीला हिरडा, गेळा यांसारखी इतर. अंजनीची पाने जाड, चकचकीत असतात आणि उन्हाळ्यात फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. बहुतेक झाडे बारमाही हिरवी. सात महिन्यांच्या कोरड्या काळात ती हिरवी राहतात याचा अर्थ त्यांच्या मुळांना खाली कोठेतरी ओल मिळते आहे.

येथे मुलांना वर, मध्ये आणि खाली असे तीन वेळा पाहायला सांगावे. वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. आपला राज्यप्राणी शेकरू याच रस्त्याने जातो. तो जमिनीवर क्वचितच उतरतो, म्हणून फांद्यांचे हे छत तुटले की त्याचा रस्ता तुटतो. मध्ये खोडांवर शेवाळ, नेचे आणि आमरी दिसतील. ही झाडावर राहणारी पण झाडाचे अन्न न खाणारी भाडेकरू मंडळी आहेत. खाली पाचोळा उचलून पाहावा. वरची पाने ओळखू येतात, त्याखालची जाळीदार झालेली, त्याखाली काळा चुरा आणि मग माती. पानाची माती कशी होते हे पुस्तकातील आकृतीपेक्षा येथे लवकर कळते.

रानाच्या उतरणीला, कड्याच्या बाजूला कारवी भेटते. कोकणातील कुडाच्या भिंती हिच्याच काठ्यांच्या. कारवी बरीच वर्षे नुसती वाढते आणि सातआठ वर्षांनी एकदाच एकदम सारी फुलते, बी धरते आणि मरते. एकाच वेळी अपार बी पडल्यामुळे ते खाणाऱ्यांना सगळेच संपवता येत नाही, असा याचा एक अर्थ लावला जातो.

बोटभर मातीतले जग

आता सड्यावर येऊ. मे महिन्यात येथे अनवाणी पाय टेकवत नाही. जुलैत मात्र तोच कातळ पाण्याने निथळत असतो. वाळवंट आणि दलदल एकाच जागी, आळीपाळीने. अशा जागी राहायचे तर खास तयारी हवी. म्हणूनच येथील पुष्कळशा वनस्पती इतरत्र सापडत नाहीत.

मातीची खोली मोजत चाललो की वनस्पती पट्ट्यापट्ट्याने बदलतात. अगदी उघड्या खडकावर दगडफूल, शेवाळ आणि निळे-हिरवे शैवाल. खडकाला काळा रंग येतो तो पुष्कळदा या शैवालामुळे. खोलगटात बोटभर माती साठली की तेथे पांढऱ्या बटणांसारखी गेंदाची फुले आणि त्यांच्यात जांभळी, इवलीशी सीतेची आसवे. माती वीतभर झाली की गवत, तेरडा, कवला, सोनकी आणि टोपली उपडी ठेवावी तशी दिसणारी टोपली कारवी. ही कारवीची बहीण सड्यावर राहते आणि सात वर्षांनी फुलते. खडकाच्या फटीत एखादे झुडूप. आणि डबक्यात वायतुरा. त्याच्या फुलांचा तुरा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला असतो. उन्हाळ्यात डबके आटते तेव्हा तो चिखलातल्या कंदाच्या रूपाने झोपून राहतो.

सीतेच्या आसवांची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. नाव इतके हळवे, पण वनस्पती शिकारी आहे. जमिनीखालच्या तिच्या धाग्यांवर मोहरीहूनही लहान पिशव्या असतात. पिशवीतील पाणी बाहेर टाकून ती आत पोकळी करून ठेवते. ओल्या मातीत फिरणारा सूक्ष्म जीव झडपेवरच्या केसाला लागला की झडप उघडते, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि झडप मिटते. हे सारे सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळात घडते. शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती असते. तिच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात आणि त्यांत चिलटे अडकतात.

वनस्पतीला किडे खाण्याची वेळ का आली? कारण सड्याच्या मातीत नायट्रोजन अत्यल्प आहे. पावसाने धुऊन धुऊन क्षार नेलेले, माती पातळ, पालापाचोळा नाही. सामान्य वनस्पतींची येथे उपासमार होते. या शिकारी वनस्पती नायट्रोजन किड्यांपासून मिळवतात, म्हणून येथे त्यांचा निभाव लागतो. जमीन निकस आहे म्हणूनच त्या येथे आहेत. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

फुलांचे गालिचे का पडतात, याचेही उत्तर येथेच आहे. वर्षातले जेमतेम चार महिने ओल मिळते. तेवढ्यात रुजायचे, वाढायचे, फुलायचे आणि बी टाकायचे. साऱ्यांना एकच मुदत, म्हणून साऱ्यांची एकच घाई. सातारा शहराच्या पश्चिमेला सुमारे १,२०० मीटर उंचीवर असलेल्या कासच्या पठारावर आणि त्याच्या परिसरात ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कास आहे.

सगळी कुरणे सारखी नसतात

येथे एक सावधगिरीची सूचना. डोंगरातली प्रत्येक मोकळी जागा म्हणजे सडा नव्हे. सह्याद्रीच्या उतारांवर असलेली पुष्कळशी गवताळ जमीन पूर्वी रानच होती. कोठे लाकडासाठी आणि कोळशासाठी झाडे तोडली गेली, कोठे राब भाजून नाचणी-वरी पिकवली गेली, कोठे दरवर्षीच्या वणव्याने आणि चराईने रोपे वर येऊ दिली नाहीत. या जागी माती खोल असते. वणवा आणि चराई थांबवली तर काही वर्षांत झुडपे आणि मग झाडे आपोआप डोके वर काढतात. येथे झाडे लावणे योग्यच आहे, आणि लावायची तर शेजारच्या रानात आहेत तीच लावावीत.

दोहोंतील फरक ओळखायचा कसा? आजूबाजूला जुने खुंट, झुडपे, झाडांची तग धरलेली रोपे दिसतात का ते पाहावे. जमीन उताराची आहे की कातळाची सपाटी आहे ते पाहावे. आणि सर्वांत सोपे म्हणजे मातीत सळी खुपसून पाहावी. सळी हातभर आत गेली तर रानाची जागा. दोन बोटांवर टणकन वाजली तर सडा.

‘पोटखराबा’ नावाची चूक

सातबाराच्या उताऱ्यावर ज्या जमिनीत पीक येत नाही तिला ‘पोटखराबा’ म्हणतात. शेतसाऱ्याचा हिशेब करण्यासाठी हा शब्द ठीक होता. पण हळूहळू त्याचा अर्थ ‘कशालाच उपयोगी नाही ती जमीन’ असा झाला. पीक नाही, झाड नाही, मग काहीच नाही! त्यामुळे काहीतरी करायला जागा हवी की बोट सड्याकडे जाते. कोल्हापूरकडच्या सड्यांवर जांभ्यात अ‍ॅल्युमिनियम जास्त आहे. तेथे बॉक्साइटच्या खाणी निघाल्या. कोकणातल्या सड्यांवर सुरुंगाने खड्डे पाडून, माती भरून आंब्याची कलमे लावली गेली. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या.

खाण, बाग किंवा वीज यांची माणसाला गरजच नाही, असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की जागा ‘रिकामी’ आहे असे समजून निर्णय घेऊ नये. चाळकेवाडीचेच पाहा. तेथे खडकांत एक सरडा राहतो. नराच्या गळ्याखाली निळा, काळा आणि नारिंगी असा झगझगीत पंखा असतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची वेगळी जाती म्हणून नोंद केली आणि त्याच्या प्रजातीला मराठी शब्दावरूनच ‘सरडा’ हे नाव दिले. २०१८ मध्ये याच पठारावरील आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या जागी शिकारी पक्षी कमी येतात, म्हणून तेथे सरडे जास्त झाले आहेत आणि ते माणसाला फारसे बुजतही नाहीत, असे त्यात आढळले. म्हणजे पाती फिरतात आकाशात आणि हिशेब बदलतो जमिनीवर. आंबोलीच्या कातळावरचा एक छोटा भेक तर २००९ मध्ये प्रथमच शास्त्राला माहीत झाला. पहिल्या पावसात खडकावर साचलेल्या उथळ पाण्यात तो अंडी घालतो. आपल्याला जे नुसते डबके, ते त्याचे बाळंतघर.

आणि आता शाळेचा प्रश्न. जुलैत वृक्षारोपणाचा कार्यक्रम असतो. रोपे आलेली असतात, मुले उत्साहात असतात आणि गावाजवळची मोकळी जागा म्हणजे सडा. कातळात खड्डे खणले जातात, बाहेरून माती व शेणखत आणून टाकले जाते आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प यांसारखी चिवट झाडे लावली जातात. पुढे दोनच गोष्टी घडू शकतात. बहुतेक रोपे उन्हाळ्यात मरतात आणि मुलांचा हिरमोड होतो. किंवा काही जगतात, आणि ते अधिक वाईट. कारण त्यांची सावली पडते, पाने गळून कुजतात आणि या दोन्ही झाडांच्या मुळांवरील जिवाणू हवेतील नायट्रोजन मातीत आणतात. शेतासाठी हा गुण, सड्यासाठी अवगुण. माती सुपीक झाली की आणलेल्या मातीतले तण आणि उंच गवत जोर धरतात आणि सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू त्यांच्याखाली दबून नाहीशी होतात. आपण एक झाड वाढवले आणि वीस जाती घालवल्या, असे होऊ शकते.

सड्याचा आणखी एक उपकार आपल्या लक्षात येत नाही. जांभा सच्छिद्र आहे. पावसाचे पाणी त्याच्या छिद्रांतून आणि भेगांतून झिरपते आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. माथ्याखालच्या वाड्यांचे पाणवठे आणि उतारावरचे रान यांची तहान अशा झऱ्यांवर भागते. रान आणि सडा शेजारी असले तरी परके नाहीत. सड्यावर पडलेले पाणी रान पिते.

वाटेवर करायचे तीन प्रयोग

यांना कसलेही महाग साहित्य लागत नाही. सगळे प्रयोग वाटेच्या कडेलाच करावेत, फुलांत शिरू नये.

पहिला, मातीच्या खोलीचा. सायकलचा एक जुना आरा किंवा छत्रीची काडी घ्या आणि तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा. रानात सुरुवात करून सड्याच्या मध्यापर्यंत दर वीस पावलांवर ती अलगद मातीत खुपसा. किती आत गेली आणि तेथील सर्वांत उंच वनस्पती किती उंच आहे, हे दोन आकडे लिहा. शाळेत परतल्यावर आलेख काढा. आडव्या अक्षावर पावले, उभ्या अक्षावर शून्याच्या वर वनस्पतीची उंची आणि खाली मातीची खोली. वरची रेषा आणि खालची रेषा एकमेकींची आरशातली प्रतिमा आहे का ते पाहा. जेथे नसेल तेथे का नाही, यावर वर्गात चर्चा करा. कदाचित काडी नेमकी खडकाच्या फटीत गेली असेल, किंवा माती खोल असूनही वणव्याने झाडे वाढू दिली नसतील. न जुळणारा आकडाच पुष्कळदा जास्त शिकवून जातो.

दुसरा, तापमानाचा. दोन साधे तापमापक घ्या. दुपारी एकाच वेळी एका गटाने रानात आणि दुसऱ्याने सड्यावर मोजावे. प्रत्येकाने एकदा कंबरेएवढ्या उंचीवर सावली धरून आणि एकदा जमिनीलगत. चार आकडे मिळतील. कोणते दोन आकडे जवळचे आणि कोणते लांबचे, यावरून छताखालच्या आणि उघड्यावरच्या हवामानातला फरक मुलांना स्वतः सांगता येईल.

तिसरा, पाण्याचा. दोन्ही बाजूंचा डबा कापून केलेली नळी जमिनीवर घट्ट दाबून धरा, तीत एक पेला पाणी ओता आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते मोजा. हे रानातल्या पाचोळ्याखालच्या मातीवर, सड्यावरच्या गवतात आणि खुद्द पायवाटेवर करा. पायवाटेवर पाणी बराच वेळ उभे राहते. शेकडो पायांनी माती दाबली गेली, तिच्यातली पोकळी नाहीशी झाली. वाटेवर गवत का उगवत नाही, याचे उत्तर मुलांच्या हाती येते.

पाऊल कोठे टाकावे

या तिसऱ्या प्रयोगातच चालण्याचा नियम दडलेला आहे. रानात एखादा वाट सोडून गेला तर पाचोळा विस्कटतो आणि पुढच्या वर्षी भरून येतो. सड्यावर मात्र दोन बोटे माती साठायला फार मोठा काळ लागलेला असतो. ओली असताना ती पायाखाली सरकली की पावसाबरोबर वाहून जाते आणि खालचा कातळ उघडा पडतो. म्हणून सड्यावर मळलेल्या वाटेवरूनच, एकामागे एक चालावे. वाटेत चिखल असला तरी बाजूने नवी वाट पाडू नये. फोटोसाठी फुलांत बसू नये, गाडी कातळावर घेऊ नये. कासला हंगामात दिवसाला किती माणसे सोडायची याला मर्यादा घालावी लागली आहे, ती उगाच नव्हे.

सुरक्षिततेच्याही दोनचार गोष्टी. धुक्यात कड्याची कड दिसत नाही, म्हणून मुलांच्या पुढे आणि मागे एकेक शिक्षक असावा. रानात जळवा असतात. त्या उपटू नयेत, मीठ किंवा हळद लावावी. फांदीला हात लावण्यापूर्वी पाहावे, कारण हिरवा चापडा साप पानांत मिसळून बसलेला असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारनंतर विजा होतात. सड्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो, तेव्हा गडगडाट ऐकू येताच उघड्यावरून निघून गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जावे. एकट्या झाडाखाली थांबू नये.

सहलीनंतर शाळेत एक काम करता येईल. आपल्या गावाच्या हद्दीतील मोकळ्या जागांची यादी करा. प्रत्येक ठिकाणी काडी खुपसून मातीची खोली मोजा, पावसाळ्यात तेथे काय उगवते ते महिन्यामहिन्याला लिहा. दोन पावसाळे नोंदी ठेवल्या तर कोणत्या जागी झाडे लावावीत आणि कोणती जागा आहे तशीच राहू द्यावी, हे ग्रामसभेत आकड्यांनिशी सांगता येईल. वृक्षारोपणाचे खड्डे खणण्यापूर्वी ही यादी एकदा पाहिली जावी, इतकीच अपेक्षा.